बायोडेटातला रकाना

सध्या आमच्या घरात एकच हॉट टॉपिक आहे : माझं लग्न. बायोडेटा मीच बनवला. फॉण्ट झकास, फोटो त्याहून झकास, पगाराचा आकडाही बऱ्यापैकी. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात टाइप केलं, 'निवृत्त, खासगी नोकरी'. प्रिंट घेतली आणि शनिवारी शिराळ्याला गेलो.

आबांनी चष्मा लावून कागद वाचला.

"खासगी म्हंजे रं? मंडळाचं कार्ड हाय माझ्याकडं. तीस वर्सं माथाडी व्हतो मी. चोरी केलीया व्हय कुणाची?"

काय बोलणार? 'फॉरमॅटच तसा असतो आबा,' म्हणून वेळ मारून नेली.

खरं सांगायचं तर ही लपवाछपवी जुनीच. कॉलेजच्या फॉर्मवर मी 'सर्व्हिस' लिहायचो. आणि परवाच्या जूनमध्ये तर कहर केला. आमची अर्धी टीम मनिलात बसते. ७ जूनच्या कॉलवर तिथली सहकारी सहज म्हणाली, "आज आमच्याकडे परदेशात राबणाऱ्या कामगारांचा दिवस. माझी आई हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणीभांडी करायची. आम्ही तिघं भावंडं त्या पैशांवर शिकलो." कॅमेरा ऑन, आवाजात जराही संकोच नाही. मग तिने विचारलं, "तुझे बाबा काय करायचे?"

मी म्हणालो, "लॉजिस्टिक्समध्ये होते."

लॉजिस्टिक्स! शंभर किलोची गोणी मानेवर घेऊन फळीवरून चढणाऱ्या माणसाच्या कामाचं मी केलेलं हे बारसं!

त्यांचे 'नवे वीर'

नंतर जरा वाचलं. १९८८ मध्ये फिलिपिन्सच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांसमोर बोलताना त्यांना देशाचे 'नवे वीर' म्हटलं. तो शब्द तिथे कायमचा रुळला. परदेशातल्या फिलिपिनो माणसांनी २०२४ मध्ये घरी पाठवलेली रक्कम ३८ अब्ज डॉलरच्या वर आहे.

पण नुसत्या हारतुऱ्यांवर काय होतं? मार्च १९९५ मध्ये फ्लोर काँटेम्प्लासिऑन या घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये फाशी झाली आणि सगळा देश खवळला. त्याच वर्षी ७ जूनला स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आमच्या टीममधली ती मुलगी साजरा करते तो दिवस हाच.

दाणाबंदर ते वाशी

आता आमच्याकडे या. शिराळा म्हटलं की तुम्हाला नागपंचमीच आठवणार. जिवंत नागांच्या पूजेवर कोर्टाने बंधनं घातली तरी नागांचं गाव ही ओळख काही पुसली नाही. पण सातारा-सांगलीच्या या डोंगरपट्ट्याची आणखी एक ओळख मुंबईच्या मालधक्क्यांवर आहे. वारणा-मोरणेच्या खोऱ्यात भाताची खाचरं, वाटण्या होऊन होऊन तुकड्याएवढी उरलेली. एक भाऊ शेतावर, बाकीचे पेठ नाक्यावरून एसटी पकडून मुंबईला, हा घरोघरचा हिशोब. माझे मोठे चुलते गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि ते कायमचे गावी परतले. त्यामुळे आबा निघाले तेव्हा गिरणीचं दार बंद होतं. ते मशीद बंदरच्या दाणाबाजारात एका टोळीत शिरले आणि पुढे बाजार वाशीला गेला तसे त्याच्यामागे गेले.

माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. पूर्वी त्याला रोज नवा मालक असायचा आणि काम संपलं की ओळखही संपायची. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेच्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. फंडा सिम्पल आहे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मालक कितीही बदलोत, कामगार मंडळाचाच राहतो. आपल्यातल्या किती कॉन्ट्रॅक्टवाल्यांना हे मिळतं? आबा 'मंडळाचं कार्ड' एवढ्या तोऱ्यात का म्हणतात, ते मला आत्ता कुठे कळलं.

शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. तेही मुंबईला गेले, गिरणीत राबले. १९५८ मध्ये मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनात ते म्हणाले होते की ही पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नाही, दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर उभी आहे. नागांच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे जरा जास्तच लागतं.

हिशोब

त्या रात्री आबांना विचारलं, पैसे कशाकशाला गेले? त्यांनी बोटं मोडली. घरावरची कौलं जाऊन स्लॅब आला. विहिरीवर मोटर बसली. दोन आत्यांची लग्नं, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "आनी तुजं इंजिनेरिंग," ते म्हणाले, "त्ये एकटंच समद्यांपेक्षा जड."

खर्चाची बाजूही आहे. आबांची मान आता उजवीकडे पुरती वळत नाही. आई पंचवीस वर्षं एकटीने घर, शेत आणि सासू सांभाळत राहिली. आबा घरी यायचे ते पंचमीला आणि जत्रेला. लहानपणी मी त्यांना पाहुणाच समजायचो. मनिलाच्या मुलीलाही तिची आई अशीच भेटली असेल, दोन वर्षांतून एकदा, बॅगेत चॉकलेटं घेऊन. म्हणूनच 'वीर' म्हणून टाळ्या वाजवून मोकळं होणं मला थोडं स्वस्त वाटतं. पण त्या कामाचं नाव लपवणं त्याहून स्वस्त, आणि ते मी वर्षानुवर्षं करत होतो.

रविवारी परत निघण्याआधी रकाना बदलला. 'वडील : निवृत्त माथाडी कामगार, दाणाबंदर व वाशी.'

दोन स्थळांकडून पुढे फोन आला नाही. आई हिरमुसली. आबा म्हणाले, "बरं झालं, आदीच कळलं."

पुढच्या कॉलवर मनिलाच्या सहकारीलाही खरं सांगून टाकलं. माथाडीला इंग्रजी शब्द काही सापडेना. शेवटी डोक्यावर दोन्ही हात धरून, मान वाकवून दाखवलं. तिला लगेच कळलं.

तुमच्या फॉर्मवर त्या रकान्यात काय लिहिलंय?