मासे पहाटे मरतात, सॅटेलाइट साडेदहाला येतो

सकाळी सातला फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावतळ्यात पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे, आणि खाली मेसेज : 'तळ्यात औषध टाकलंय. पुढे पाठवा.' दुपारपर्यंत ते कोणी टाकलं हेही गावानं ठरवून टाकलं होतं. नाव, आडनाव, बांधाचं जुनं भांडण, सगळं जुळलं. मावसभावाचा फोन आला, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? सॅटेलाइटवरून बघून सांग ना काय टाकलंय."

बघितलं. तुम्हीही बघू शकता. युरोपियन स्पेस एजन्सीचे सेंटिनेल-२ नावाचे सॅटेलाइट साधारण दर ५ दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांचे फोटो 'कोपर्निकस ब्राउझर' या साइटवर फुकट मिळतात. मोबाइलवर उघडतं, पण लॅपटॉप असेल तर बरं. आधी मोठ्या पाण्यावर हात बसवा. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी धरणाच्या निळ्यात कसं शिरतं, ते तिथे झकास दिसतं.

मग हिरवेपणा मोजायचा. पाण्यातल्या बारीक शेवाळात हरितद्रव्य असतं. ते ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश गिळतं, आणि ७०५ च्या आसपास, जिथे लाल रंग डोळ्याला दिसेनासा होत जातो, तिथे बराचसा परत फेकतं. सॅटेलाइट हे दोन्ही वेगवेगळे मोजतो. दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज, एवढंच गणित. उत्तर जितकं मोठं, तितकं शेवाळ जास्त. फक्त यात एक पिक्सेल २० बाय २० मीटरचा पडतो. म्हणजे १०० मीटरच्या तळ्याला आडवे पाचच पिक्सेल, आणि त्यातले कडेचे दोन बाभळी आणि चिखल मिसळून खराब झालेले.

आमच्या तळ्याचं काय निघालं? दोन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत तळं गच्च हिरवं. त्यानंतर नुसते ढग, फोटोच नाही. औषध दिसलं का? नाही, आणि दिसणारही नव्हतं. पण हिरवं तळं आणि वर ढगाळ दिवस, ही जोडी ओळखीची आहे.

मासा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतो, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, समुद्रसपाटीला, २० अंशांवर ९ च्या आसपास आणि ३० अंशांवर साडेसात. पाणी तापलं की तो आणखी घटतो. कटला, रोहू, मृगळ यांना ५ च्या वर असला की बरं. ३ च्या खाली गेला की हाल सुरू होतात, मासे वर येऊन तोंडं उघडतात. एकाच्या आसपास आला की मरायला लागतात.

शेवाळ दिवसा ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचे जिवाणू मिळून ऑक्सिजन ओढतात. म्हणून उजाडायच्या जरा आधी तो सगळ्यात कमी असतो. दोन-चार दिवस ऊन नसलं तर दिवसाची कमाई तुटपुंजी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. शेतातलं खत पावसानं वाहून तळ्यात आलं असेल तर शेवाळ दुप्पट जोमानं वाढतं, आणि रात्रीचा खर्चही वाढतो.

आता घोळ बघा. ऑक्सिजनला रंग नाही, त्यामुळे सॅटेलाइटला तो दिसत नाही. शिवाय सॅटेलाइट येतो सकाळी साडेदहाच्या सुमारास, तोवर तळं सावरायला लागलेलं असतं. कोणी दुपारी मीटर बुडवला तर आकडा उलट चांगला येतो आणि निष्कर्ष निघतो, 'ऑक्सिजन तर भरपूर आहे, म्हणजे औषधच.' मोजायचं तर पहाटे पाचला, आणि जागेवरच. बाटलीत भरून नेलं की वाटेत आकडा बदलतो. हल्लीच्या मीटरच्या टोकाला एक रंगद्रव्याची चकती असते. तिच्यावर निळा प्रकाश पडला की ती लाल चमकते. ऑक्सिजन ती चमक विझवतो, म्हणून चमक जितकी मंद तितका ऑक्सिजन जास्त.

मीटर नसेल तर मेलेल्या माशांकडेच नीट बघा. ऑक्सिजन संपला की सहसा मोठे मासे आधी जातात, तेही पहाटे. मरळ वरची हवा घेऊ शकतो, तो वाचतो. विषानं दिवसा कधीही, लहान-मोठे सगळे, बऱ्याचदा बेडूक आणि पाणकिडेसुद्धा मरतात. भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. मेलेले बहुतेक मोठे कटले होते, कडेला पिल्लं पळत होती, बेडूक ओरडत होते. हा पुरावा नव्हे. संशय असेल तर पाणी आणि ताजा मेलेला मासा बर्फात ठेवून तपासणीलाच द्यायला हवा. पण नाव घेऊन फॉरवर्ड करण्याइतकं तर काहीच हातात नव्हतं.

असाच घोळ 'स्वच्छ' पाण्याचाही होतो. रशियातल्या बैकल सरोवरात काही वेळा ४० मीटर खोलपर्यंत दिसतं, कारण पाण्यात खत आणि शेवाळ कमी. आपल्या कटल्याला तिथे सोडलं तर उपाशी राहील, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खाऊन वाढतो. आपल्याला हवं ते मधलं पाणी. जुन्या सीडीला दोरी आणि दगड बांधा, दर १० सेंटिमीटरला गाठ मारा, दुपारी पाण्यात सोडा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आतच गायब झाली आणि पाणी हिरवं असेल तर सावध व्हा. पाणी तपकिरी असेल तर तो आकडा काळ्या मातीचा, शेवाळाचा नव्हे. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं पांढरी तबकडी बुडवून हेच केलं होतं, सीडी तेवढी आपली.

सीडी वेळेआधी गायब झाली आणि आभाळ भरलेलं असेल, तर माशांचं खाद्य थांबवायचं आणि रात्री मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडायचं. भावानं ते सुरू केलंय. शेतीची लाइन रात्रीची असते त्या आठवड्यात जमतं. दिवसाची असली की पहाटे तीनला डिझेल इंजिनाला हँडल मारावं लागतं.