बांधावरची रामकाठी

देवळा तालुक्यात बांधावर झाड लावायचा विषय काढा, पहिली तक्रार सावलीची येते. सावलीत कांदा पोसत नाही, गोल्टीच निघते. त्यात बाभूळ म्हटलं की बोलायलाच नको.

पण बाभळीतही दोन चणी आहेत. एक आपली नेहमीची, छत्रीसारखी पसरणारी. दुसरी रामकाठी. तिच्या फांद्या खोडाला बिलगून सरळ वर जातात, लांबून पाहिलं तर उभा केलेला खराटाच. या एकाच जातीच्या दोन उपजाती. तीच पिवळी गोंडेदार फुलं, तशाच मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. रामकाठीचं शास्त्रीय नाव ‘क्युप्रेसिफॉर्मिस’, म्हणजे सायप्रसच्या आकाराची. काटेरी बाभळीला सूचिपर्णी झाडाचं नाव मिळावं, याची मला गंमत वाटते.

आता सावलीचं गणित. देवळा साधारण २०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली बुंध्यापाशीच घुटमळते. २२ डिसेंबरला मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून ४६ अंशच वर चढतो. १० मीटर उंच झाडाची सावली तेव्हा जवळपास १० मीटर, तीही उत्तरेला. उन्हाळ कांद्याची लागण नेमकी याच सुमाराची. सावलीची लांबी दोन्ही बाभळींना सारखीच, फरक रुंदीचा. रामकाठीची निमुळती सावली सरकत राहते, एका वाफ्यावर ठाण मांडत नाही. पसरट बाभळीची सावली म्हणजे अंथरलेली घोंगडी. ती गोठ्याजवळ, पडीक तुकड्यावर हवीच. दुपारी गुरं बसणार कुठे?

उत्तरेच्या बांधावर झाडं लावली तर आपला कांदा वाचतो, शेजाऱ्याचा जातो. भाऊबंदकीला भूमितीचंही कारण असतं!

मुळांच्या बाबतीत मात्र रामकाठीला सूट नाही. तिच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात खरे, पण बांधालगतच्या पिकाचं पाणी तीही ओढतेच.

बाभळीच्या बियांचं कवच टणक. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून गेलेलं बी चांगलं रुजतं, म्हणून वाड्यातल्या लेंड्यांतून ते गोळा करतात. रामकाठीच हवी असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही. शेळीनं कुठल्या झाडाच्या शेंगा खाल्ल्या, हे कोण सांगणार? त्यापेक्षा ओळखीच्या रामकाठीखाली शेंगा वेचाव्यात, बियांवर कढत पाणी ओतावं आणि रात्रभर भिजू द्यावं.