पहिला नंबर आणि प्रवेशाचे दार

बारावीचा निकाल जवळ आला की सुरतेतील आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘मेडिकलला नंबर लागेल ना?’ गुजरातेत पूर्वी बारावीच्या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश ठरत असे. २००६ साली गुजसेट आली, २०१७ पासून ‘नीट’चे गुण निर्णायक ठरले. बोर्डाचे गुण आता केवळ पात्रतेपुरते उरले आहेत.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ साली निराळा मार्ग स्वीकारला. प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश देण्याचा कायदा झाला. ऑस्टिनच्या विद्यापीठात मात्र अशा प्रवेशांची इतकी गर्दी झाली, की २००९ साली कायदा बदलून तेथे ७५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

चिंता रास्त आहे. शाळेतील क्रमांक सहाध्यायांच्या तुलनेतला असतो. नामांकित शाळेतील पंधरावा विद्यार्थी अन्य शाळेतील पहिल्याहून सरस असू शकतो. परंतु लिंबायत-उधन्यातील, खानदेशातून आलेल्या कामगाराच्या मुलीने शिकवणीविना वर्गात पहिला क्रमांक मिळवला, तर त्या यशाचे मोल कोणत्या परीक्षेत मोजले जाते? सामाईक परीक्षेत बुद्धीबरोबर पालकांच्या ऐपतीचाही कस लागतो.

क्रमांकाने दार उघडेल, पण आत टिकण्यासाठी तयारीच लागते. ती करून घेणे आपल्या हाती आहे. आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टराने अशा एका विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास जीवशास्त्र शिकवले, तरी ही स्मरणिका सार्थकी लागेल.