दोरी दुसऱ्याच्या हाती

कनेरगाव नाक्यावर माणूस सहसा मुक्कामाला येत नाही, गाडी बदलायला येतो. इकडे हिंगोली, तिकडे वाशिम, मधे पैनगंगा. वाट बघणं हाच इथला मोठा उद्योग. पूर्वी त्या वेळात चहा व्हायचा, एकाच पेपरची पानं चौघांत फिरायची, हळद-सोयाबीनच्या भावावरून वाद रंगायचा. कंटाळाही भरपूर यायचा. तो कंटाळा गेल्या काही वर्षांत साफ नाहीसा झाला. त्याची किंमत काय मोजली, ते मागे वळून पाहण्यासारखं आहे.

कंटाळा जायला लागल्याची तारीख सांगता येते: 5 सप्टेंबर 2016. त्या दिवशी जिओची मोबाईल सेवा सुरू झाली. त्याआधी एक जीबी नेटला 200-250 रुपये पडायचे आणि ते महिनाभर पुरवायचं असायचं. व्हिडिओ उघडण्याआधी माणूस दोनदा विचार करी. जिओचं नेट मार्च 2017 पर्यंत फुकट मिळालं. पैसे द्यायची वेळ आली तोवर सवय पक्की झाली होती.

पहिला जबर धक्का 1 जुलै 2018 ला बसला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी ही माणसं बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती. अफवा आधीच मोबाईलवर पोचलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. म्हणजे अंगठ्याला विचारासाठी थांबवणं कंपनीला जमत होतं. फक्त त्यासाठी माणसं मरावी लागली.

मग आलं 2020. शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाईलवर आला. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर शेतात. पोराला मोबाईल द्या, असं मास्तरांनीच सांगितल्यावर आईबापांनी उसनवारी करून तो घेतला. त्याच वर्षी 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि आठवडा-दीड आठवड्यात इन्स्टाग्रामचे रील्स हजर झाले. शाळा पुन्हा भरल्या, मोबाईल मात्र हातातच राहिला. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीने 2024 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी मोबाईल वापरलेली 57 टक्के निघाली आणि सोशल मीडिया पाहिलेली 76 टक्के.

ग्लोरिया मार्क या अमेरिकी संशोधक माणसाचं लक्ष पडद्यावर एका जागी किती टिकतं, हे वीसेक वर्षं मोजत आल्या. 2004 मध्ये सरासरी अडीच मिनिटं भरली, अलीकडे 47 सेकंद. मोजणी संगणकापुढे बसून काम करणाऱ्यांची आहे, ती नाक्यावरच्या मोबाईलला जशीच्या तशी लावू नये. पण रील सरकवणारा अंगठा बघितला की 47 सेकंदसुद्धा ऐसपैस वाटतात.

लक्ष या विषयावर आपल्याच हिंगोली जिल्ह्यातला अधिकारी माणूस आहे. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. गुरू ग्रंथ साहिबमधल्या त्यांच्या एका पदात मुलगा पतंग उडवत सवंगड्यांशी गप्पा मारतो आणि चित्त दोरीत असतं. पाणी आणणाऱ्या पोरी हसतात, थट्टा करतात, चित्त घागरीत. आई घरकामात, चित्त पाळण्यातल्या बाळात. म्हणजे चार कामं एकदम करण्याला नामदेवांची ना नव्हती; मन कुठे बांधलंय एवढंच ते बघत. नाक्यावर पेपर वाचता वाचता गप्पा मारणाऱ्याचाही एक कान गाडीच्या हॉर्नकडे असायचाच. आता गाडी निघून जाते तेव्हा मान वर होते. दोरी आहेच, पण तिचं टोक दूरच्या कुणाच्या हातात आहे, आणि ओढ किती द्यायची याचा तिथे रोज हिशेब चालतो.

गावांनी काय केलं? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा बोलायला. आधी महिलांच्या ग्रामसभेत चर्चा झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सीने 18 वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

मला वडगावचा मार्ग पटतो. बापाने रील बघत पोराला अभ्यासाला बसवणं कुठल्याच ठरावाने जमणार नाही. शिवाय एकट्याने मोबाईल बाजूला ठेवला की गावात काय चाललंय ते आपल्यालाच कळेना, अशी धास्ती असते. सगळ्यांचाच बंद झाला की ती उरत नाही. मनोनिग्रहाचे उपदेश आपण खूप ऐकले, सोबतीची व्यवस्था फारशी केली नाही.

नाक्यावर हे अवघड आहे. इथे उभी असलेली निम्मी माणसं दुसऱ्या जिल्ह्यातली, त्यांना कुठल्या ग्रामसभेचा ठराव लागू करायचा? पण नाक्यामागे घरं आहेत, शाळा आहे, ग्रामपंचायत आहे. भोंग्याचा खर्च फार नाही. हरिनाम सप्ताहाला गाव सात दिवस एका वेळेला एका जागी बसतंच. अलीकडे कीर्तनातही पुढच्या रांगेतले हात शूटिंगसाठी वर असतात, तेवढे खाली घ्यायला महाराजांनी सांगितलं तरी सुरुवात होईल.