काळी एल चाखताना : पहिला पाइंट परत करायला हवा होता

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "इंग्लंडात ती काळी बिअर पितात, ती कोमट असते का गं?" तर आज तेच. आणि हो, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, त्यामुळे त्याहून लहान असाल तर नुसतं ऐका.

मी शिकायला लीड्सला आले तेव्हा एका पबमध्ये पहिला पाइंट घेतला. आंबट, थेट व्हिनेगरसारखा! मला वाटलं, हीच चव असणार, आपल्यालाच कळत नाही. गपचूप संपवला आणि नंतर वर्षभर त्या वाटेला गेले नाही. चूक माझी नव्हती, पिंपाची होती.

त्याचं असं आहे. पारंपरिक एल ज्या पिंपातून देतात, त्याला कास्क म्हणतात. त्यात यीस्ट जिवंत असतं, बिअर आतच थोडी आणखी आंबते. बारवाली लांब दांडा ओढते तो हातपंप. जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते. म्हणून उघडलेलं पिंप साधारण तीनेक दिवसांत संपायला हवं. गिऱ्हाईक कमी असेल तर बिअर आंबट होते. असा पाइंट परत करता येतो, चांगल्या पबमध्ये कुणी तोंड वाकडं करत नाही. हे मला वर्षभर कुणी सांगितलंच नाही!

आणि ती कोमट नसते. तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवतात. आपली फ्रिजमधली बिअर इतकी गार असते की जिभेला चव कळायच्या आत ती घशाखाली जाते.

दुसऱ्यांदा घेतली ती थीकस्टनची ओल्ड पिक्युलिअर. यॉर्कशायरमधल्या मॅशम गावची, स्थानिक लोक 'मॅसम' म्हणतात. ब्रुअरी १८२७ पासूनची. नावातला 'पिक्युलिअर' म्हणजे विचित्र नव्हे बरं का, ते गावातल्या जुन्या चर्च-न्यायालयाचं नाव आहे.

ग्लास उजेडाला धरा, काळा रंग खरं तर गडद लाल निघतो. आधी वास घ्या. मला आली काकवी! मग भिजवलेल्या मनुका, आणि शेवटी करपत आलेल्या पावाच्या कडेचा कडवटपणा. फेस कमी, गॅस कमी, म्हणून घोट जिभेवर थांबतो. घाईने गिळू नका.

रंग येतो कुठून? बार्लीला, म्हणजे आपल्या सातूला, मटकीसारखे मोड आणतात, वाळवतात आणि त्यातला थोडा भाग कॉफीच्या बियांसारखा खरपूस भाजतात. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या ड्रममध्ये माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. तेव्हापासून चिमूटभर काळ्या माल्टवर अख्खी बिअर काळी करता येऊ लागली.

आता जरा जपून. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली, तिथे ५६८ मिली. ओल्ड पिक्युलिअर ५.६ टक्क्यांची, म्हणजे एका पाइंटात जवळपास ३२ मिली शुद्ध अल्कोहोल, ३.२ युनिट. ब्रिटनचा सरकारी सल्ला आहे आठवड्याला १४ युनिटच्या वर नको. चव गोडसर असल्यामुळे दुसरा पाइंट कधी आला ते कळत नाही, उभं राहिलं की कळतं. माझं झालंय!

अजून एक, शाकाहारी मंडळींसाठी. कास्कमधला गाळ खाली बसवायला इंग्लंडात जुन्या काळापासून आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. आता सगळेच वापरत नाहीत, म्हणून काउंटरवर विचारायचं, "ही व्हीगन आहे का?" माझ्या एका शाकाहारी मित्राला मी हे अर्धा पाइंट झाल्यावर सांगितलं. त्याने ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आधी नाही सांगता आलं?"