नामपल्लीचं टपाल

सकाळी ८.३०
हैदराबादमधलं आबिड्सचं जनरल पोस्ट ऑफिस. पोती फोडून झालीत. नामपल्लीचा पोस्टमन आपल्या बीटचं टपाल लावतोय. आधी गल्ली, मग घर, मग मजला. ५००००१ हा आकडा पाकीट इथवर आणतो. पिनकोडची ती पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली बसवून दिली. पुढचं, म्हणजे दर्ग्यामागचं, लॉजच्या वरचं, शिंप्याच्या शेजारचं, याच्या डोक्यात असतं.

९.४५
मोबाइलनं एकेक बारकोड टिपायचा. बीप वाजला की पाकिटाची जबाबदारी त्याची. ऑगस्ट २०२५ मध्ये नवी संगणक प्रणाली देशभर लागू झाली. चार लाखांहून जास्त कर्मचारी ती शिकले. आधी मोजके शिकले, त्यांनी इतरांना शिकवलं. याला शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं शिकवलं. वयानं लेकीएवढी. "चुकलो तरी ओरडली नाही, म्हणून जमलं," तो म्हणतो.

१०.३०
गाडी स्वतःची. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. पोस्टमनचा सायकलभत्ता २०१७ साली दुप्पट झाला, तेव्हा तो महिन्याला १८० रुपये झाला. त्यात आज दोन लिटरही येत नाही.

११.१५
नामपल्लीचं फौजदारी न्यायालय. बॅगेतलं निम्मं ओझं इथलंच. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. वकील मंडळी अजून 'रजिस्टर'च मागतात. नोंदणीचे ५ रुपये जादा भरलेलं पाकीट ज्याच्या नावाचं, त्याच्याच हाती द्यायचं, नाहीतर त्यानं लेखी अधिकार दिलेल्या माणसाकडे. एक कारकून हात पुढे करतो. हा पाकीट मागे घेतो, नियम सांगतो, आवाज न चढवता. थोड्या वेळानं वकीलसाहेब येतात, काचेवर बोटानं सही करतात. पाठवणाऱ्याला ते लगेच कळतं. पूर्वी पोचपावतीचं कार्ड परत जायला दिवस लागायचे.

१२.४०
तिसरा मजला, लिफ्ट नाही. नांदेडहून बहिणीनं पाठवलेलं पार्सल. ओटीपी सांगितल्याशिवाय ते देता येत नाही.
"नंबर बोलो, अम्मा."
"अहो, तो मुलाच्या फोनवर गेला असेल. तो पुण्याला."
आजी फोन लावतात. मुलगा उचलत नाही. परत लावतात. 'दार बंद' असं बटण दाबून हा निघू शकला असता. तो पायरीवर बसतो, तोवर पुढची पाकिटं लावून घेतो. अखेर आकडा येतो. या थांबण्यासाठी ॲपमध्ये रकाना नाही. असायला हवा, आणि तो पगाराला जोडलेला हवा.

२.१५
डबा. मग इराणी चहा, उभ्यानंच.

३.००
जानेवारी, म्हणजे नुमाइश. १९३८ पासूनचं हे प्रदर्शन. संध्याकाळी या रस्त्यानं गाडी निघत नाही, म्हणून आत्ताच उरकायचं. काश्मिरी शालवाल्यांचा पत्ता दीड महिन्यापुरता. पाकिटावर फक्त नाव आणि 'नुमाइश, नामपल्ली'. हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारतो. तिसऱ्या ओळीत माणूस सापडतो.

५.००
ऑफिस. वस्तू देऊन घेतलेली रोकड मोजून जमा. दोन पाकिटं परत, कारणांसह. आजींची गोष्ट तो त्या मुलीला सांगतो. ती उठते, बुकिंगच्या काउंटरवर जाते. म्हणते, ज्याला पाठवायचंय त्याचाच मोबाइल नंबर घ्या, आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखवा.