आनंद नगरच्या चौराह्यावरचं लिंबू

भोपाळच्या रायसेन रोडवर आनंद नगरचा चौराहा आहे. (आम्ही इथली मराठी मंडळीही चौकाला चौराहाच म्हणतो.) त्याच्या मधोमध एक लिंबू ठेवलंय असं समजा. हे युरेनियमच्या अणूचं केंद्रक. आता पिपलानीच्या बाजूला अर्धा किलोमीटर चालत जा, मग चौराह्यावर परतून रायसेनच्या दिशेनं तेवढंच. तिथपर्यंत तो अणू पसरलेला आहे. मधल्या एवढ्या जागेत असतं काय? ९२ इलेक्ट्रॉन, आणि बाकी शुकशुकाट. वजन मात्र ९९.९८ टक्के त्या लिंबात.

हे लिंबू कुणाला दिसलं नव्हतं, ते आपटून कळलं. १९०९ साली मँचेस्टरमध्ये रदरफोर्डच्या हाताखाली गायगर आणि विशीतला मार्सडेन धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडत होते. बहुतेक कण आरपार जात. आठेक हजारांत एखादा उलटा परते. त्या एका परतणाऱ्या कणावरून रदरफोर्डनं १९११ मध्ये केंद्रकाचा निष्कर्ष काढला. हे केंद्रकातलं द्रव्य मोहरीच्या एका दाण्याएवढं गोळा करता आलं, तर त्याचं वजन दहा लाख टनांच्या घरात जाईल. फोडणीसाठी कढई जरा भक्कम लागेल.

असं घट्ट लिंबू फुटतं तेव्हा काय होतं, याचा हिशेब १९३८ च्या नाताळात स्वीडनमधल्या कुंगेल्व गावाबाहेर बर्फात झाला. नाझींच्या तावडीतून त्याच जुलैत निसटलेली साठ वर्षांची भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश झाडाच्या ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर आकडे मांडत होते. फुटलेल्या तुकड्यांचं वजन भरत नव्हतं, प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाएवढी तूट येत होती. आइन्स्टाइनच्या सूत्रानुसार त्या तुटीची ऊर्जा निघाली २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. पुढे या शोधाचं १९४४ चं नोबेल तिचा जुना सहकारी ओटो हान याला एकट्यालाच मिळालं. हा निवाडा मला कधीच पटलेला नाही.

२० कोटी ऐकायला मोठं वाटतं, पण एक वॅट उष्णता हवी असेल तर दर सेकंदाला असे ३,१०० कोटी अणू फुटावे लागतात. स्वयंपाकघरातला ९ वॅटचा एलईडी दिवा अणुविजेवर चालवायचा, तर दोन तृतीयांश उष्णता वाया जाते हे धरून सेकंदाला ८४ हजार कोटी. आणि तरीही तोच दिवा रोज पाच तास, वर्षभर लावला, तर फुटून संपणारं युरेनियम-२३५ भरतं दोनेक मिलिग्रॅम. साखरेचे चार दाणे म्हणा.

एन्रिको फर्मीनं २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत साडेतीनशे टनांच्या आसपास ग्रॅफाइट रचून जगातली पहिली अणुभट्टी चालवली, तेव्हा ती देत होती फक्त अर्धा वॅट. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात सुरू झालेली 'अप्सरा' १ मेगावॅट क्षमतेची, म्हणजे त्याच्या वीस लाख पट. आमच्या शेजारच्या 'भेल'चं मूळ असलेली हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली.

तेव्हा अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर तेरा वर्षांचेही नव्हते. त्यांचा जन्म १९४३ चा, आपल्याच मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या बडवानीत. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्तिलढ्यातले, आई कमलाताई गांधीवादी. शाळा बडवानी-खरगोनला झाली, पुढचं शिक्षण मुंबईत, आणि १९६४ मध्ये ते तुर्भ्याच्या अणुकेंद्रात रुजू झाले. ज्या 'ध्रुव' भट्टीच्या आराखड्यात आणि उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, ती १०० मेगावॅटची. ती दिवसभर पूर्ण जोरात चालली, तर युरेनियम फुटतं अवघं शंभर-सव्वाशे ग्रॅम. तेवढ्याच उष्णतेला आपला कोळसा सव्वाचारशे टनांहून जास्त लागेल, म्हणजे मालगाडीच्या सात वाघिणी.

पण मला सगळ्यात चकित करणारा आकडा लहान आहे: साडेसहा. युरेनियम-२३५ फुटताना निघणाऱ्या आणि पुढचे अणू फोडणाऱ्या हजार न्यूट्रॉनांपैकी ९९३ हून अधिक तत्क्षणी बाहेर पडतात आणि साडेसहाच्या आसपास मागे रेंगाळतात, कुणी काही सेकंद, कुणी मिनिटभर. सगळेच वक्तशीर निघाले असते, तर भट्टीचा जोर नियंत्रक सळ्या हलण्याआधीच हाताबाहेर गेला असता. या साडेसहा लेटलतिफांमुळे माणसाला भट्टी आवरायला सवड मिळते.

सवड 'ध्रुव'लाही लागली. ८ ऑगस्ट १९८५ रोजी तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली, पण इंधनाच्या सळ्या थरथरू लागल्या. तो दोष दूर करून पूर्ण १०० मेगावॅट गाठायला जानेवारी १९८८ उजाडला.